इंडोनेशियात टीव्हीची सद्दी यूट्यूबनं संपवली?

दर्यावर्दी
माझं मत: इंडोनेशियाच्या करमणुकीवरची जकार्ताची पकड यूट्यूबनं सैल केली. १९६२ मध्ये आशियाई खेळांसाठी टीव्हीआरआय हे सरकारी चॅनेल सुरू झालं, १९८९ मध्ये आरसीटीआय हे खासगी चॅनेल आलं, पण काय दाखवायचं ते ठरायचं जकार्तातच. दिदी केम्पोत बघा. जावानीज भाषेत प्रेमभंगाची गाणी म्हणणारा नव्वदच्या दशकातला गायक. २०१९ मध्ये त्याचे व्हिडिओ फिरले आणि विशीतली पोरंपोरी स्वतःला ‘सोबात आंब्यार’, म्हणजे काळीज तुटलेले दोस्त, म्हणवत, भर गर्दीत डोळे पुसत त्याच्याबरोबर गाऊ लागली. हे कुठल्या चॅनेलवाल्यानं ठरवलं होतं?

जुनी_कॅसेट
साफ असहमत. व्हीसीडी विसरलात का राव? इनुल दाराटिस्ता पूर्व जावातल्या पासुरुआनची, लग्नाकार्यात दांगदुत, म्हणजे तिथलं लोकप्रिय नाचरं संगीत, गाणारी. कुणीतरी तिचे कार्यक्रम शूट केले, चोरट्या व्हीसीडी देशभर खपल्या, आणि २००३ मध्ये चॅनेलं तिच्यामागे धावली. तिचं ते कंबर गरागरा फिरवणं बघून दांगदुतचा सम्राट रोमा इरामा असा खवळला, की माझी गाणी म्हणायची नाहीत म्हणून तिला बजावलं! तेव्हा यूट्यूब जन्मालाही आलं नव्हतं.

अर्धाकप
सुलावेसी बेटावरच्या गोरोंतालोचा पोलीस नॉर्मन कामारू कुणाला आठवतो का? २०११ मध्ये गणवेशात, बसल्या जागी ‘छैय्या छैय्या’वर ओठ हलवले नि रातोरात स्टार झाला. मग जकार्तातल्या स्टुडिओंच्या वाऱ्या सुरू झाल्या. वर्षअखेर पोलिसातली नोकरी गेली, गायकीही फार चालली नाही. प्रसिद्धी नेटनं दिली, मलई टीव्हीनं खाल्ली.

दर्यावर्दी
@अर्धाकप, ते २०११ होतं. २०१९ मध्ये ट्विटरवर गाजलेल्या एका भुताच्या गोष्टीवर ‘केकेएन दि देसा पेनारी’ हा सिनेमा निघाला आणि २०२२ मध्ये त्यानं तुफान गर्दी खेचली. ‘आगाक लाएन’ हा सिनेमा तर चार विनोदवीरांच्या पॉडकास्टमधून आलेला. आता सिनेमावालेच नेटच्या दारात उभे आहेत.

जुनी_कॅसेट
आणि त्या दारात कोण बसलंय? राफी अहमद! टीव्हीचाच माणूस, २०१४ चं लग्नही टीव्हीवर. आता यूट्यूबवर त्याचंच साम्राज्य, आणि २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवोंनी त्याला विशेष दूत नेमलं. नवी बाटली, जुनीच दारू. अट्टा हालिलिंतार हा तरी अस्सल यूट्यूबर म्हणावा, तर २०२१ मध्ये त्याचं लग्न आरसीटीआयवर थेट, साक्षीदार खुद्द तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोकोवी. यालाच का मक्तेदारी मोडणं म्हणतात?

दर्यावर्दी
लग्नं सोडा हो, ती श्रीमंतांची असली की कुठेही दिसतात. योग्यकार्ताचे सेनो नुग्रोहो २०२० मध्ये गेले, पण तोवर त्यांचा वायांग, म्हणजे छायाबाहुल्यांचा खेळ, यूट्यूबवर थेट दिसायचा. रात्रभराचा खेळ, अस्सल जावानीज बोली, आणि बागोंग हा विदूषक भल्याभल्यांची टर उडवतोय. जकार्तातलं कुठलं खासगी चॅनेल त्याला अख्खी रात्र देणार होतं, तेवढं एक नाव सांगा.