मदत हवी आहे : नासर्डीचं पाणी तपासायचंय

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या नासर्डी नदीच्या काठी राहतो. गेले काही दिवस पहाटे पाण्यावर पांढरा, दाट फेस असतो. काल तर छोटे मासे वर येऊन तोंड उघडत होते. जीव कळवळला. हेच पाणी पुढे गोदावरीतून नांदूर मध्यमेश्वरला, आपल्या राज्यातल्या पहिल्या रामसर स्थळाला (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेला) जातं.

फेस कारखान्यांचा की सांडपाण्याचा, हे मोजल्याशिवाय कुणावर बोट ठेवायचं नाही. माशांसाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम लागतो, आणि तो पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून मोजणी तेव्हाच करायची आहे. बीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्या मापाचा) नमुना बर्फात ठेवून लवकर पोचवावा लागतो, एवढं वाचलंय.

नाशिकमध्ये सामान्य माणसाकडून नमुने घेणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा कोणती? खर्च साधारण किती? जड धातू गाळात साठतात, तर गाळ कसा उचलायचा, कोणत्या बाटलीत? ऑक्सिजन मीटर कुणी आठवडाभर वापरायला देईल का? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. रविवारी पहाटे सोबत आलात तर फारच बरं होईल.