मदत हवी आहे: परदेशी विद्यार्थ्यांची टक्केवारी काढताना ऑस्ट्रेलियाचा आकडा कसा घ्यावा?

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आहे. सूत्र सोपं आहे: परदेशातून शिकायला आलेले भागिले उच्च शिक्षणातले एकूण विद्यार्थी, गुणिले 100. घोळ होतो तो अंशात.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. 'ओपन डोअर्स' या तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांवरच्या वार्षिक अहवालात 2023-24 साठी 11,26,690 परदेशी विद्यार्थी आहेत, म्हणजे साधारण 6 टक्के. पण त्यातले 2,42,782 जण ओपीटीवर, म्हणजे पदवी झाल्यावर नोकरी करणारे. ते वगळले की 8,83,908 उरतात आणि टक्केवारी पावणेपाचच्या आसपास येते. बातम्यांत हा फरक सहसा येत नाही. भारताचं काम सरळ आहे: 'आयशे' या सरकारी उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या 2021-22 च्या अहवालानुसार 46,878 भागिले सुमारे 4.33 कोटी, जेमतेम 0.11 टक्के.

गाडी अडते ऑस्ट्रेलियावर. तिथल्या काही सरकारी तक्त्यांत 'एनरोलमेंट', म्हणजे प्रवेश मोजतात, माणसं नव्हे. आधी इंग्रजीचा कोर्स आणि त्याच वर्षी पदवीला प्रवेश, तर एकच मुलगी दोनदा धरली जाते. शिवाय उच्च शिक्षणाच्या आकडेवारीत ऑस्ट्रेलियन विद्यापीठांच्या मलेशिया, व्हिएतनाममधल्या कॅम्पसवर शिकणारेही 'ओव्हरसीज'मध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांत येतात. त्यांनी सीमा ओलांडलेलीच नाही, मग ते अंशात कशाला? न्यूझीलंडचे नागरिक मात्र स्थानिकांत मोजतात.

तर जाणकारांनो, फक्त ऑस्ट्रेलियात राहून पदवी-पदव्युत्तर शिकणाऱ्यांची डोकी नेमक्या कोणत्या तक्त्यात मिळतील? आणि ऑफशोअरवाले, म्हणजे बाहेरच्या कॅम्पसवरचे, छेदातूनही वजा करता ना? वर्षासकट सांगा.