मदत हवी आहे: गल्फ स्ट्रीमचा जुना नकाशा अस्सल आहे का?

मंडळी, गेल्या शनिवारी इथे मॅसॅच्युसेट्समध्ये एका घराच्या अंगणात मांडलेल्या जुन्या सामानात गल्फ स्ट्रीमचा (अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून युरोपकडे वाहणाऱ्या सागरी प्रवाहाचा) फ्रेम केलेला नकाशा मिळाला, ४० डॉलरला. विकणारे आजोबा म्हणाले, "बेंजामिन फ्रँकलिनचा, १७६९ चा, ओरिजिनल." बायकोचं म्हणणं, ओरिजिनल असता तर ४० डॉलरला दिला असता का? मुद्दा बिनतोड आहे, पण माझी आशा सुटत नाही.

तेव्हापासून वाचत सुटलोय. फ्रँकलिन अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या टपालखात्याचा उपप्रमुख. १७६८ मध्ये तो लंडनला असताना तक्रार आली, की इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून न्यूयॉर्कला जाणारी टपालाची जहाजं, लंडनहून ऱ्होड आयलंडला जाणाऱ्या मालाच्या जहाजांपेक्षा पंधरा-पंधरा दिवस जास्त घेतात. त्याने नँटकेट बेटावरच्या टिमथी फोल्जर या आपल्या नात्यातल्या कप्तानाला विचारलं. फोल्जर देवमाशांच्या शिकारीतला माणूस. देवमासे प्रवाहाच्या कडेला सापडतात, आत नाही, त्यामुळे त्या कडा या लोकांना तोंडपाठ. टपालाची जहाजं त्यांना ऐन प्रवाहात, ताशी तीन मैलांच्या पाण्याशी झुंजताना भेटायची. 'आडवे जाऊन बाहेर पडा' म्हटलं, तर साहेब लोक मच्छीमारांचं कशाला ऐकतील! मग फोल्जरने आखून दिलेला प्रवाह लंडनच्या माउंट अँड पेज या नकाशे छापणाऱ्या कंपनीने छापला. कप्तानांनी त्याकडेही ढुंकून पाहिलं नाही.

माझ्या नकाशात खाली उजवीकडे फ्रँकलिन आणि समुद्रदेव नेपच्यून बोलताहेत. वर डावीकडे अटलांटिकचा आणखी एक चिमुकला नकाशा आहे, त्याचा मोठ्याशी मेळच लागत नाही. हा १७६९ चाच का? फ्रेम उघडावी का?

प्रतिसाद १
नेपच्यून आहे म्हणजे १७६९ चा नक्की नाही. हे चित्र १७८६ च्या आवृत्तीतलं. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या ग्रंथात ती आली, तांब्याच्या पत्र्यावर कोरली जेम्स पूपार्डने. कोपऱ्यातला नकाशा हेरिंग माशांच्या स्थलांतराचा. तो जॉन गिल्पिनच्या लेखासाठी होता, एकाच पानात उरकला, म्हणून मेळ लागत नाही. लंडनला छापलेला मूळ नकाशा तर जवळजवळ दोनशे वर्षं कोणाला सापडतच नव्हता. शेवटी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मिळाला.

फ्रेम जपून उघडा. पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला लागते का? ग्रंथात घडी घालून बसवलेला असल्याने घड्याही हव्यात. आणि भिंगातून पाहा: रेषा सलग असतील तर पुढे बोलू, ठिपके दिसले तर ऑफसेट छपाई, म्हणजे आधुनिक नक्कल.

धागाकर्ता
उघडला. दाबाची चौकट नाही. घड्या आहेत, पण बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत! घड्यासुद्धा छापलेल्याच. भिंगातून ठिपकेच ठिपके.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.