सिंगापुरात घर शोधताना 'आम्ही भारतीय' हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगावं का?

क्लेमेंटीकर
तीन आठवडे घर शोधतेय. मालकाला फ्लॅट विकायचाय, त्यामुळे पुढच्या महिन्यात हे घर सोडायचं आहे. नवरा, मी आणि सहा वर्षांची लेक. इथे राहायचे-कामाचे पास दोघांचेही नीट आहेत, भाडं एकदाही थकलेलं नाही. तरी प्रत्येक एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला: 'प्रोफाइल पाठवा.' म्हणजे देश, वंश, पास कुठला, माणसं किती, स्वयंपाक किती. काल तेरा जणांना पाठवला. नऊ जणांचं उत्तरच नाही, दोघांनी सरळ कळवलं की मालक भारतीयांना देत नाहीत.

माझं मत झालंय की पहिल्या ओळीतच 'भारतीय, रोज स्वयंपाक करतो' असं लिहून टाकावं. ज्यांना नको आहोत त्यांच्या दारात लेकीला घेऊन उभं राहायचं नाही. नवऱ्याला हे अजिबात पटत नाही. तुम्ही काय करता?

जुना भाडेकरू
ताई, मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा. 2009 पासून इथे आहे, पाच घरं बदलली. पुष्कळदा 'नको' हे मालकाचं नसतंच, एजंटचं असतं. कटकट नको म्हणून तो आधीच चाळणी लावतो आणि मालकापर्यंत तुमचं नावही जात नाही.

टॅम्पिनीजला घर बघायला गेलो तेव्हा मालकीणबाई स्वतः हजर होत्या. सत्तरीच्या चिनी आजी. त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात नेलं, विचारलं, तळण किती करता? बायको म्हणाली, आठवड्यातून एकदा, खिडकी उघडी ठेवून. आजींनी तिथेच होकार दिला. चार वर्षं राहिलो. दर चिनी नववर्षाला आमच्या मुलाला लाल पाकीट यायचं. मी मेसेजमध्ये 'भारतीय' लिहून बसलो असतो तर त्या आजी भेटल्याच नसत्या. पास आणि माणसं सांगा, बाकीचं समोरासमोर.

घरमालकीण
मी पलीकडच्या बाजूने लिहिते, राग मानू नका. आम्ही इथले नागरिक आहोत, एक फ्लॅट भाड्याने देतो. दोन वर्षं आपल्याच मराठी कुटुंबाला दिला होता. माणसं अतिशय चांगली. घर परत घेताना मी हूडची, म्हणजे शेगडीवरच्या चिमणीची, जाळी काढायला गेले तर ती निघेचना, तेलाने चिकटून बसली होती. वरच्या कपाटांच्या दारांवर बोट फिरवलं की पिवळट चिकट पुसट रेघ उमटे. पांढऱ्या ओट्यावर हळदीच्या डब्याचं गोल वळं होतं, ते आजही पूर्ण गेलेलं नाही. डिपॉझिटमधून पैसे कापताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण कापले.

त्यामुळे मालकांची भीती खोटी नाही. मात्र मी पासपोर्ट विचारत नाही, स्वयंपाकाचं विचारते. आणि ते आधीच सांगितलेलं मला आवडतं.

सांबाल
काकू, डाग त्या एका घराचा होता, त्याला देशाचं नाव कशाला? याच इमारतींमध्ये बेलाचान (कोळंबीची उग्र वासाची पेस्ट) परततात, मासे तळतात, वास दहाव्या मजल्यापर्यंत जातो. त्यांना कोणी प्रोफाइल मागत नाही. स्वयंपाक हे निमित्त आहे. जाहिरातीतल्या 'लाइट कुकिंग ओन्ली' (फक्त हलका स्वयंपाक) याचा खरा अर्थ काय, ते आपल्या सगळ्यांना कळतं.

क्लेमेंटीकर ताई, एक मात्र बघा. एचडीबीचा, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाचा, अख्खा फ्लॅट भाड्याने घेताना परदेशी लोकांचा कोटा असतो: परिसरात 8 टक्के, एका ब्लॉकमध्ये 11 टक्के. मलेशियन लोकांना तो लागू नाही, नुसती खोली घेतली तरी लागू नाही. कोटा भरला असेल तर मालकाची इच्छा असूनही तो देऊ शकत नाही. म्हणून 'नाही' आलं की विचारा, कोटा की मालक? कोटा असेल तर वाईट वाटून घेऊ नका. मालक असेल तर वाईट वाटलंच पाहिजे, आणि ते सवयीचं होऊ देऊ नका.

कागदपत्र
तुम्ही सगळे होकार कसा मिळवायचा यावर भांडताय. मी दोन वर्षांनी काय होतं ते सांगतो. मित्राने तोंडी 'हो हो, स्वयंपाक चालेल' ऐकलं आणि सही केली. करारात 'लाइट कुकिंग' लिहिलेलं होतं. घर सोडताना त्याच शब्दावर बोट ठेवून अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे कापले.

म्हणून मी क्लेमेंटीकर ताईंच्या बाजूने, पण कारण वेगळं. कराराआधी देतो त्या लेटर ऑफ इंटेंटमध्येच (घर घ्यायच्या इराद्याचं पत्र) 'रोजचा भारतीय स्वयंपाक, तळण-फोडणीसह' असं लिहून घ्या, आणि तेच करारात उतरलंय का ते वाचा. दोन वर्षांच्या कराराला साधारण दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट अडकतं, ही लहान रक्कम नाही. ताबा घेताना ओटा, हूड, भिंती यांचे फोटो काढून त्याच दिवशी एजंटला पाठवा. सही झाल्यावर 14 दिवसांत स्टॅम्प ड्यूटी भरा. एकूण भाड्याच्या 0.4 टक्के, म्हणजे महिना 3,500 डॉलरचा दोन वर्षांचा करार असेल तर 336 डॉलर. स्टॅम्प नसलेला करार पुरावा म्हणून चालत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या करारात 20,000 डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये वकिलाशिवाय लढता येतो. नोकरी गेली किंवा बदली झाली तर सुटता यावं म्हणून करारात डिप्लोमॅटिक क्लॉज (मुदतीआधी निघायची मुभा देणारं कलम) आहे का तेही बघा. बहुधा वर्षभरानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघता येतं.

जुना भाडेकरू
कागदाचं सगळं मान्य. पण लेटर ऑफ इंटेंटपर्यंत पोचायला आधी घर बघायला तर मिळालं पाहिजे!

क्लेमेंटीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंचं वाचून आधी रागच आला. मग आठवलं, सासऱ्यांचा कोथरूडचा फ्लॅट आम्ही ब्रोकरला 'शाकाहारी कुटुंबालाच' म्हणून सांगून देतो, आणि तो मेसेज मीच टाइप केला होता. आज रात्री सासऱ्यांना फोन करून ती अट काढायला सांगणार आहे.

सांबाल
ताई, जरूर काढा. पण कोथरूडमध्ये तसं होतं म्हणून इथलं सहन करायचं, असं मात्र करू नका. दोन्ही चूकच.

क्लेमेंटीकर
नाही करणार. प्रोफाइलमधून देश आणि वंश दोन्ही काढले. 'रोज स्वयंपाक, आठवड्यातून एकदा तळण, हूड दर महिन्याला साफ' एवढं ठेवलं. उद्या संध्याकाळी साडेसातला जुराँग ईस्टला एक घर बघायचंय, मालक स्वतः येणार आहेत. लेकीलाही नेतेय.

घरमालकीण
जाताना तुमच्या आत्ताच्या ओट्याचा आणि हूडचा फोटो फोनमध्ये ठेवा. मला कोणी दाखवला असता तर मी दुसरं काही विचारलं नसतं.