'ॲम्ब्युलेटरी रेकॉर्ड' : फिरतं कोण, रुग्ण की दप्तर?

शब्दवेडी
वैद्यकीय नोंदी संगणकावर कशा आल्या, यावरचा लेख मराठीत करतेय. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ऑक्टो बार्नेट यांच्या गटाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस 'कॉस्टार' उभारायला घेतलं. पूर्ण नाव 'कॉम्प्युटर स्टोअर्ड ॲम्ब्युलेटरी रेकॉर्ड'. मी 'संगणकीकृत बाह्यरुग्ण नोंद' लिहिलं, संपादकांनी 'फिरते दप्तर' केलं. पण फिरतो तो रुग्ण ना? शिवाय 'एन्काउंटर फॉर्म'ला काय म्हणू? 'चकमक' तर नकोच.

काना_मात्रा
संपादकांची गफलत झालीय. मूळ लॅटिन धातू चालण्याचा. 'ॲम्ब्युलन्स' त्याचाच, पण तिथे फ्रेंच सैन्यामागून चालायचं ते इस्पितळ. इथे रुग्ण चालत येतो. 'बाह्यरुग्ण' रुळलेला आहे, तोच ठेवा.

धातुसाधित
रुळलेला म्हणून बरोबर? 'रुग्ण' आला 'रुज्'वरून, म्हणजे मोडलेला. इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेत क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी १९७२ मध्ये अशाच संगणकातल्या नोंदींना सुरुवात केली ती मधुमेहाच्या दवाखान्यापासून. वर्षानुवर्षं आपल्या पायांनी येणारी ही माणसं. त्यांना मोडलेलं म्हणायचं?

काना_मात्रा
असा धातू खणत बसलात तर एक वाक्य लिहून होणार नाही. वाचक 'रुग्ण' म्हणजे पेशंट समजतो, विषय संपला.

नोंदवही
रेकॉर्ड विभागात उमेदीची वर्षं गेली, म्हणून लिहितो. एन्काउंटर म्हणजे रुग्णाची डॉक्टरकडची एक खेप. कॉस्टारमध्ये डॉक्टर कीबोर्डला हात लावत नसत. निदानं आणि औषधं छापलेल्या फॉर्मवर खुणा करायच्या, उरलेलं हाताने लिहायचं. मग कारकून ते टाइप करत आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे छापील गोषवारा येई. त्या फॉर्मला 'भेटपत्रक' म्हणा. आमच्याकडे मात्र सगळे 'व्हिजिट'च म्हणत.

शब्दवेडी
'भेटपत्रक' छान आहे, पण भेटवस्तूचं कार्ड वाटेल का? 'खेपपत्रक' कसं?

शुद्धलेखक
आधी 'दप्तर' काढा. फारसी शब्द आहे. 'अभिलेख' हा आपला.

धातुसाधित
फारसीच्याही मागे जा, ग्रीक 'डिफ्थेरा' म्हणजे कातडं. पण शिवकाळापासून कारभार दप्तरातच झाला, तो परका कसा? 'अभिलेख' म्हटलं की मला शिलालेख दिसतो.

काना_मात्रा
आणि 'दप्तर' म्हटलं की आजच्या वाचकाला पाठीवरची शाळेची पिशवी दिसते. त्यात 'फिरते' जोडलं की संपलंच.

नोंदवही
तुमचं चालू द्या, पण 'संगणकीकृत'वरही विचार करा. डॉक्टर कागदावर लिहिणार, कागदावरच वाचणार, यंत्र मधल्यामध्ये. रीगनस्ट्रीफच्या संगणकाने काढलेल्या सूचनाही डॉक्टरांना कागदावर छापूनच मिळत. वाचकाला 'संगणकीकृत' वाचून टेबलावर स्क्रीन दिसेल. मला 'संगणकात साठवलेली' हेच प्रामाणिक वाटतं, मूळ नावातही तेवढंच म्हटलंय.

शब्दवेडी
हे मी नक्की घेते. एन्काउंटरचं मात्र राहिलंच. 'खेपपत्रक' चालेल का?

शुद्धलेखक
'साठवलेली' कशाला? 'संचयित' म्हणा.

धातुसाधित
धान्य साठवतात तशा नोंदी साठवल्या. 'संचयित'ने वाचकाला जास्त काय कळणार?