मदत हवी आहे: टर्म इन्शुरन्स आत्ता घेऊ की तब्येत सुधारून मग?

कोरा_कागद:
मंडळी, टर्म पॉलिसी (ठरलेल्या मुदतीत आपण गेलो तर घरच्यांना पैसे देणारा विमा) घ्यायचं बरेच दिवस डोक्यात आहे. कर्ज चालू, मुलं लहान, वय चाळिशीला टेकलेलं. ऑनलाइन हप्ता काढून पाहिला. 'तंबाखूचे सेवन?' एवढ्या एका प्रश्नापुढे 'होय' केलं की आकडा दुपटीच्या आसपास जातो!

सिगारेट सोडली आहे, पण वर्ष पूर्ण व्हायचंय. निकोटीनचा गम अजून अधूनमधून चघळतो. रक्तदाबाची एक गोळी रोज, त्यावर १३०/८० च्या आसपास राहतो. एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेह नाही पण कुंपणावर. पोट सुटलेलं. वडिलांना पन्नाशीतच हार्ट अटॅक आला होता.

एजंट म्हणतो, "सोडलीय ना, मग 'नाही'वर टिक करा." मला हे काही पटत नाहीये. सहा-आठ महिने थांबून, वजन उतरवून अर्ज केला तर फरक पडेल का? जाणकारांनी सांगावं.

फाइलवाला:
अंडररायटिंगमध्ये, म्हणजे अर्जदाराची जोखीम तपासून हप्ता ठरवण्याच्या कामात, बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. आधी त्या टिकबद्दल. निकोटीन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि रक्ताच्या किंवा लघवीच्या चाचणीत तेच सापडतं. ते सिगारेटमधून आलं की गममधून, हे चाचणीला कळत नाही. व्हेप, तपकीर, चघळायची तंबाखू, सगळ्यांची गत तीच. फॉर्ममध्ये खरं काय ते लिहा, गमसकट. खोटं लिहून आज पॉलिसी मिळेलही, पण दाव्याच्या वेळी जुनी केसपेपरं निघतात आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसता. बायको असते. नॉन-स्मोकर दरासाठी बहुतेक कंपन्यांना निकोटीनशिवायचे सलग १२ महिने लागतात, काहींना त्याहून जास्त.

रक्तदाबाच्या गोळीला घाबरू नका. गोळी घेऊन आटोक्यात असलेला रक्तदाब आम्हाला गोळी न घेता १५०/९५ असलेल्यापेक्षा कधीही बरा वाटतो. एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे चाचणीच्या आदल्या आठवड्यात गोड सोडून काही होत नाही. तुमची खरी अडचण बेरजेची आहे. वजन, साखर, रक्तदाब, वडिलांचा इतिहास, यातलं एखादं सुटं असतं तर चाललं असतं. एकत्र आले की लोडिंग बसतं, म्हणजे मूळ हप्त्यावर २५ टक्के, ५० टक्के असं. वडिलांचं तर बदलता येत नाही. साठीच्या आत हृदयविकार झाला असेल तर तो धरतातच.

निवांत:
दारूचंही विचारतात हं, आणि यकृताच्या चाचणीत जीजीटी वाढलेलं दिसलं की पुन्हा विचारतात. पॅराग्लायडिंग, स्कूबा वगैरे करत असाल तर तेही लिहा.

फाइलवाला:
थांबण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थांबू नका. वजन उतरेलही, पण मधल्या काळात एखादा नवा आजार निघाला तर लोडिंग सोडा, अर्जच पुढे ढकलतील. वय वाढतं ते वेगळंच. आत्ता स्मोकर दराने घ्या. निकोटीनशिवाय वर्ष झालं की कंपनीला दर फेरतपासायला सांगा. नाहीच ऐकलं तर दुसरीकडे अर्ज करा, पण नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करायची नाही. आणि एकदम चार ठिकाणी अर्ज टाकू नका. 'पूर्वी कुठे नाकारलं किंवा जादा हप्ता लावला का?' हा प्रश्न पुढच्या प्रत्येक फॉर्मवर असतो.

कोरा_कागद:
खूप आभार. 'होय' लिहूनच भरतो, एजंट बदलून. म्हणजे ते वर्ष शेवटच्या सिगारेटपासून नाही, शेवटच्या गमपासून मोजायचं ना?

फाइलवाला:
बहुतेक ठिकाणी गमपासून. काही कंपन्या गमला सूट देतात, त्यामुळे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.