टपावर कयाक न्यायला हॉट हॅच विकायलाच पाहिजे का?

घसरगाडी:
मंडळी सल्ला हवाय, थोडं लांबण लावणारे, माफ करा. माझ्याकडे छोटी मॅन्युअल हॉट हॅच (म्हणजे दमदार इंजिनची छोटी हॅचबॅक) आहे, अधूनमधून ट्रॅक डे ला, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाला नेते, ब्रेक पॅड आणि टायर सोडून बाकी सगळं कंपनीचंच. मध्येच कयाकिंगचं वेड लागलं आणि सी कयाक (समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद होडी) घेऊन बसले, लांबी 5 मीटर, वजन 25 किलो. गाडीच मुळात 4 मीटरची! आता जो तो एकच म्हणतोय, ही विक आणि एसयूव्ही घे. मला त्या उंच गाड्या चालवायला जाम कंटाळा येतो, आधी बॉडी कलते आणि मग कुठे गाडी वळायचं मनावर घेते. छोट्या गाडीवरून एवढी लांब कयाक कोणी नेलीये का?

चौथ्यातच_खेचा:
विकू नका ताई, पस्तावाल. एसयूव्हीवाल्यांना एक विचारा, दिवसभर वल्हं मारून दंडात जीव उरलेला नसताना 25 किलोची कयाक डोक्याच्याही वर कशी चढवता म्हणून. तुमच्या गाडीचं टप डोक्याच्या खालीच असेल, एकटीला जमेल.
फक्त मॅन्युअल उघडून टपावर किती वजन चालतं ते बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांना 50 ते 75 किलो चालतं, पण त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं, हे लोक विसरतात.
आणि गाडी वेगळी वागणार हे धरून चाला. बीएमडब्ल्यूने 2003 च्या एम3 सीएसएल या स्पोर्ट्स कारला कार्बन फायबरचं टप दिलं, त्यात वाचले किती तर साधारण 6 किलो, पण ते सगळ्यात उंचावरचे म्हणून एवढा खटाटोप. तुम्ही तिथेच 25 किलो प्लस कॅरिअर ठेवताय! म्हणजे ब्रेक लवकर, स्टिअरिंग हळू, वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याला हे सांगायला नको खरंतर.
(विषय निघालाच आहे तर, 1964 ची माँटे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कने मिनी कूपरमध्येच मारली होती, समोर केवढाल्या इंजिनांच्या गाड्या असताना. छोट्या गाडीला कोणी नावं ठेवली की मला राहवत नाही.)

उलटी_होडी:
वरच्या भाऊंनी खरी गोष्ट सांगितलीच नाही. दोरी! छोट्या गाडीवर कॅरिअरच्या दोन दांड्या एकमेकींपासून मीटरभरसुद्धा लांब नसतात आणि वर 5 मीटरची कयाक, म्हणजे पुढचं टोक वाऱ्याने उचललं की सगळा जोर त्या दोन दांड्यांच्या क्लॅम्पवर. म्हणून पुढून एक दोरी आणि मागून एक दोरी पाहिजेच, नुसत्या पट्ट्यांवर विश्वास नको. पुढे हुक सापडत नसेल तर बॉनेटखालच्या बोल्टला पट्टीचा लूप अडकवून तो बाहेर काढता येतो. दोरीचं उरलेलं टोक लोंबत ठेवू नका, चाकाखाली गेलं तर कयाकच खाली खेचली जाईल.
पट्टे साध्या बकलचेच घ्या, रॅचेटवाले (दांडा हलवून आवळायचे) नकोत. रॅचेटला किती आवळलं ते हाताला कळत नाही, माझ्या पहिल्या प्लास्टिकच्या कयाकला मी असाच कायमचा पोचा पाडलाय, त्यात दिवसभर उन्हात होती त्यामुळे प्लास्टिक मऊ झालेलं.

घसरगाडी:
बाप रे, रॅचेटवाले कार्टमध्ये टाकून ठेवले होते, काढले लगेच. मैत्रिणीची कयाक आणताना पट्टा असा काही भणभणत होता की गिअरबॉक्स गेला वाटलं, त्याचं काय करायचं?

उलटी_होडी:
पट्ट्याला एक पीळ द्या, आवाज बंद. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, पीळ दिला की नाही.

डिझेलवाले_काका:
मी जरा उलटं बोलतो. हॅच ठेवा, पण कयाक लादली की शर्यत विसरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, 80 चा 110 केला की जवळजवळ दुप्पट होतो, पेट्रोल तर जातंच पण दोऱ्यांवरचा ताणही तेवढाच वाढतो. आणि बाजूचा वारा! मोठ्या ट्रकच्या आडोशातून बाहेर पडलात की कयाक शिडासारखी वारा धरते आणि गाडी अर्धी लेन सरकते, हलकी गाडी जास्तच. तिथे तुमचा ट्रॅक डे चा अनुभव काही कामाचा नाही, वेग कमी ठेवणं हाच इलाज. निघाल्यावर 10-15 मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा चेक करा, सुरुवातीला थोडे सैल पडतातच.
एसयूव्हीपेक्षा इस्टेट गाडी (मागे लांब डिकी असलेली) बघा असंही सुचवेन. टप लांब, उंची कमी. पण ती कोणाला आवडत नाही, आमच्या घरीसुद्धा.

चौथ्यातच_खेचा:
काका बरोबर बोलताय, पण दोघांनी मिळून तिला वेगळी गाडी घ्यायला लावू नका 😄

घसरगाडी:
ठरलं, गाडी राहतेय. मॅन्युअल बघितलं, 60 किलो चालतं. आता एकच, ट्रॅक डे ला दर वेळी कॅरिअर काढायचं का?

डिझेलवाले_काका:
काढायचं. आणि डिकीतली ओली कपड्यांची पिशवीपण.